यशश्रीचं शिफारसपत्र

मला संशय येतो. येतोच. तेहतीस वर्षं सरकारी ऑडिटमध्ये काढलेल्या माणसाला संशय आला नाही, तर त्यानं पगार कशाचा घेतला? माझी बायको सीमंतिनी म्हणते, "तुम्ही देवळात गेलात तरी आधी दानपेटीचं कुलूप बघता." बघतो. त्यात काय चुकलं?

त्यामुळे मी खोलीत शिरताच आमची मुलगी यशश्री लॅपटॉप मिटायला लागली, तेव्हा माझे कान टवकारले. ग्वाल्हेरलाच तिची एम.एस्सी. झाली होती, मार्क उत्तम होते, आणि तिला नेदरलँड्सच्या एका विद्यापीठात भूजलाचा पुढचा अभ्यास करायचा होता. अर्ज त्या एकाच ठिकाणी. तिला हवं ते काम तिथंच चालतं म्हणे. परदेशाला माझी ना नव्हती, पण घरात दार लावून कुजबुज कशाला? एकदा जाता-जाता ऐकलं, ती फोनवर म्हणत होती, "सर, लिख लिया है. बस आप साइन कर दीजिएगा."

काय लिहिलं? आणि सही कोणी करायची?

दोन दिवस मी जाऊ दिले. मग चहा घेताना सहज विचारावं तसं विचारलं, "अर्ज कुठवर आला?"

"चालू आहे नं बाबा. बस, एक लेटर बाकी आहे."

"कोणाचं?"

"सरांचं."

इतकी तुटक उत्तरं देणारी माणसं मी नोकरीत पुष्कळ पाहिली. त्यांच्या कपाटात हमखास काहीतरी सापडायचं.

तिसऱ्या दिवशी ती इंग्रजीची परीक्षा द्यायला सिटी सेंटर भागात गेली आणि मी तिच्या टेबलाशी गेलो. वहीखाली एक छापील कागद होता. खाली तिच्या प्रोफेसरांचं, अंबरीश शिरवळकरांचं नाव होतं आणि सहीची जागा कोरी होती. 'यशश्रीच्या प्रकल्पाचा मी मार्गदर्शक होतो. इतक्या वर्षांत अशी विद्यार्थिनी मी पाहिली नाही.' दोन ओळी वाचल्या आणि कागद ठेवून दिला. पुढचं वाचायची गरजच नव्हती. पोरगी स्वतःच स्वतःचं कौतुक लिहून त्यावर दुसऱ्याची सही घेणार होती! खर्च करणारा आणि मंजुरी देणारा एकच माणूस, असल्या कागदांवर मी जन्मभर लाल पेन चालवलं, आणि आता ते माझ्याच घरात निघालं.

ती परत यायची वाटही पाहिली नाही. स्कूटर काढली आणि थेट मुरार भागातलं सरांचं घर गाठलं.

सर ओसरीवर पेपर तपासत बसले होते. माझं ऐकून चक्क हसले. "अहो, सगळीकडे हेच चालतं. बेचाळीस मुलं आहेत माझ्याकडे, किस-किस का लिखूं? मुलं ड्राफ्ट आणतात, मी वाचतो आणि सही करतो."

"मग हिचं तुम्ही स्वतः लिहा," मी म्हणालो. "नाहीतर मला त्या विद्यापीठाला कळवावं लागेल."

त्यांचं हसू मावळलं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. असं कळवल्यावर मुलीच्या अर्जाचं काय होईल, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

मग त्यांनी माझं नाव-गाव विचारलं. "म्हणजे तुम्ही भालचंद्रपंतांचे चिरंजीव? अहो, आधी सांगायचं नं! आमचे वडील आणि ते गणेशोत्सवाच्या कमिटीत बरोबर होते. आपलीच माणसं. मी स्वतः लिहितो, घराण्याबद्दलसुद्धा लिहितो." आतून चहा आला, चिवडा आला. मी दोनदा घेतला. यशश्रीला यातलं काही कळू द्यायचं नाही, असंही ठरलं. येताना माझ्या मनात तिळभर संशय उरला नव्हता.

पत्र सरांकडून परस्पर विद्यापीठाला जातं, विद्यार्थ्याला ते दिसत नाही. पण सरांनी माझ्या समाधानासाठी मला व्हॉट्सॲपवर प्रत पाठवली. यशश्री ही सेवानिवृत्त वरिष्ठ लेखापरीक्षक श्री. गुरुप्रसाद यांची कन्या आहे. ग्वाल्हेरच्या प्रतिष्ठित महाराष्ट्रीय कुटुंबातली आहे. चारित्र्य उत्तम, वागणूक आज्ञाधारक, हजेरी नियमित. मी तीनदा वाचलं. एक शब्द खोटा नव्हता.

फेब्रुवारीत नकार आला. यशश्री लॅपटॉपसमोर बसून होती, मी तिच्या मागे उभा राहून वाचलं. गुण समाधानकारक आहेत, पण उमेदवारानं स्वतंत्रपणे काय काम केलं, हे मार्गदर्शकाच्या पत्रावरून समितीला कळू शकलं नाही.

"असं कसं?" ती रडकुंडीला आली. "त्यात तर सगळं कामच होतं!"

माझा जीव तुटला. धीर द्यायला म्हणून म्हणालो, "पत्रात काही खोट नव्हती गं. मी वाचलंय."

"कोणतं पत्र?"

आता लपवण्यात काय अर्थ होता? मी फोन काढून दिला, आणि मुरारला गेलो होतो तेही सांगितलं. तिनं ते पत्र वाचलं. आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. ती हळूच म्हणाली, "बाबा, यात मी कुठं आहे?"

मग तिनं तो जुना कागद आणून माझ्यासमोर ठेवला. मी चष्मा लावला आणि तिसऱ्या ओळीपासून पुढं पहिल्यांदाच वाचलं. मुरारच्या पलीकडच्या गावांतल्या एकसष्ट विहिरी. मे महिना. प्रत्येक विहिरीत दोर सोडून पाण्याची पातळी मोजलेली. सरांच्या नकाशात जमिनीखालचं पाणी ज्या दिशेला वाहताना दाखवलं होतं, ती दिशा चुकीची आहे असं हिनं सांगितलं, चौदा विहिरी पुन्हा मोजल्या आणि सिद्ध करून दाखवलं. 'चूक माझी होती,' असं सरांच्या नावानं लिहिलेलं होतं.

"यावर ते सही करणार होते?" सवयच माझी. तोंडातून निघून गेलं.

"ते वाक्य त्यांनीच सांगितलं होतं लिहायला."

मे महिना मला आठवत होता. यशश्री सकाळी माझी स्कूटर घेऊन जायची आणि संध्याकाळी तांबडीलाल होऊन यायची. मी रोज स्कूटरचे किलोमीटर टिपून ठेवत होतो. कोणाबरोबर होतीस, हे विचारलं होतं. किती वाजता निघालीस, हेही विचारलं होतं.

"मी लिहितो त्या विद्यापीठाला," मी म्हणालो. "माझी चूक झाली असं लिहितो. तुझं काम खरं काय होतं ते सगळं कळवतो."

"नातेवाइकांचं चालत नाही, बाबा." ती कागदाची घडी घालत होती. "आणि ज्यानं काम पाहिलंय, त्यानंच लिहायचं असतं."

तिचा आवाज चढलेला नव्हता. मी मान हलवली. त्या एकसष्ट विहिरींतल्या एकीचंही गाव मला सांगता आलं नसतं.