आटलेली घोंगडी

मी घोंगडी बोलतेय. वरवंडच्या म्हस्कूआप्पांची, काळी, राठ आणि अंगाने जरा आखूड. आखूड म्हणून हसू नका. एके काळी मी चांगली पुरुषभर होते.

माझी लोकर आप्पांच्याच मेंढरांची. पुढे मेंढरं विकून त्यांनी ऊस लावला, पण मला जपलं. त्यांच्या भावकीत सोयरिकीची सुपारी घरच्या घोंगडीवर बसूनच फोडतात, त्यामुळे माझा रुबाब मोठा होता.

सत्त्याण्णव साली आप्पांना टीबी झाला. त्यांच्या बायकोने, गिताबाईंनी, त्यांचं ताट-तांब्या वेगळं केलं. गोठ्यालगतच्या खोपीत बाज टाकली आणि बाजेवर मला. लेक प्रगती भाकरी घेऊन यायची, तर आप्पाच तिला हाताने खुणावून लांब उभी करायचे.

गोळ्यांचा कोर्स पुरा झाला. दौंडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "बरे झालात. आता कुणाला धोका नाही." घरी आल्या आल्या गिताबाईंनी मला मोठ्या पातेल्यात कोंबून उकळलं. त्या स्वतः मेंढपाळाची लेक. लोकर उकळली की आटते, हे त्यांना परकरी वयापासून ठाऊक. पण भीतीने मनात घर केलं की ठाऊक असलेलंही आठवत नाही. मी आटले आणि आप्पांचे पाय उघडे पडू लागले. तरी ते खोपीतच निजायचे. आता त्यांना कुणी अडवत नव्हतं, तेच घरात येईनात. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

दोन वर्षांनी इनामगावचे सोपानराव आपल्या मुलासाठी प्रगतीला बघायला आले. आप्पा खोपीत दडून बसले. "गावाला गेल्यात म्हणून सांग," त्यांनी गिताबाईंना बजावलं. "टीबीचं घर म्हणलं की सोयरीक मोडंल."

मुलगी पसंत पडली. सोपानराव म्हणाले, "घोंगडी आना की. खुर्चीवर सुपारी फुटती व्हय?"

गिताबाई तडक खोपीत आल्या. "उठा. घोंगडी घ्या आन् चला."

"ही नगं. शेजारची मागून आन."

"लेकीची सुपारी शेजारच्या घोंगडीवर? बाप घरात असताना?" त्या बाजेच्या कडेला टेकल्या. "तवा मी भ्याले. तुमास्नी हितं टाकलं. आता मी भीत न्हाई. तुमी बी भिऊ नगा."

आप्पांनी मला खांद्यावर टाकलं, ओट्यावर आणून अंथरलं आणि उभ्यानेच हात जोडले. "पाव्हणं, मी गावाला गेलो न्हवतो. मला टीबी झाल्ता. बरा झालोय. पन सांगितल्याबिगर तुमास्नी हिच्यावर बसवनार न्हाई."

सोपानराव माझ्याकडेच बघत होते.

"ही एवढीशी कशानं झाली?"

"भ्यापायी म्या उकळली," गिताबाई म्हणाल्या.

सोपानरावही मेंढरांमागे वाढलेले. ते पोट धरून हसले. मग वहाणा काढून माझ्यावर बसले आणि आप्पांना हाताला धरून खाली ओढलं. "या. बारकी हाय, चिकटून बसावं लागंल."

गुडघ्याला गुडघा लागला आणि सुपारी फुटली. त्याच सांजेला आप्पांनी आपली बाज स्वतः उचलून घरात आणली.

आता माझ्यावर प्रगतीची पोर लोळते आणि आप्पा तिच्या शेजारी. तुमच्याही घरात कुणी बरं होऊनसुद्धा बाहेर बसलं असेल, तर जा आणि हाताला धरून आत आणा. जागा कमी पडली तर चिकटून बसा.