शिट्टीआधीची कोथिंबीर

मी एक जुना प्रेशर कुकर आहे. बुडाला पोचा, दांडा जरा ढिला, पण शिट्टी अजून खणखणीत! मित्रांनो, स्वभावाने मी तापट आहे आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

कारखान्यात पत्रा दाबून मला आकार दिला गेला. पुण्याच्या दुकानात विनयाच्या आईने मला वाजवून पारखले आणि नोकरीसाठी गुरुग्रामला निघालेल्या लेकीबरोबर धाडले. माझ्यातले वरण मऊसूत होते म्हणून विनया माझे कौतुक करी. पुढे घरात विजेवर भात शिजवणारे चकचकीत भांडे आले आणि माझी रवानगी वरच्या कपाटात झाली. तिथे मी धूळ खात पडलो. फार वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

मग विनयाला रक्ताचा कर्करोग झाला. औषधांमुळे तिच्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी पार कमी झाल्या. डॉक्टरांनी बजावले, कच्चे काही नको, कुकरमध्ये शिजलेले ताजे अन्नच खायचे. त्या चकचकीत भांड्याला कुठली वाफ कोंडता येते! तिच्या नवऱ्याने, जयदीपने, मला खाली काढले, घासले, नवी रबरी रिंग बसवली. विनयाचे केस गेले, तोंड आतून सोलवटले, तरी ती घास घास करून जेवत राहिली. आज तिचा आजार आटोक्यात आहे. गोळ्या आणि तपासण्या मात्र चालूच आहेत.

जरा बळ येताच ती मला पिशवीत घालून इतर रुग्णांच्या घरी नेऊ लागली. नुसता फोनवर धीर देऊन पोट भरत नाही, असे तिचे म्हणणे.

आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर चेतना राहते. तिलाही हाच आजार. एकदा न राहवून तिने काकडीची फोड खाल्ली. पुढे ताप चढला, इस्पितळ झाले. काकडीनेच ताप आला असे कोणी म्हटले नव्हते, पण तिने दोष स्वतःच्या माथी मारून घेतला. सोमवारी पुढचे औषध होते. ते चुकले तर आजार पुन्हा डोके वर काढणार, हे ठाऊक असूनही ती जाणार नाही म्हणून बसली.

"विनया, मला नाही जमत यार. तुझ्यासारखी शिस्त माझ्यात बिल्कुल नाही."

"आधी जेव. मग भांडू," विनया म्हणाली आणि तिच्याच शेगडीवर तिने मला चढवले.

मऊ भात झाला. झाकण उघडताच हिंग-जिऱ्याचा वास दरवळला आणि कित्येक दिवसांनी चेतना आपणहून जेवायला बसली. विनयाने भातावर तूप सोडले आणि हाताच्या सवयीने वरून कोथिंबीर भुरभुरली. कच्ची! आपल्याकडे भांडे उतरले की हात कोथिंबिरीकडे जातोच. मी ओरडणार कसा? शिट्टी काढून बाजूला ठेवलेली! चेतनाने चमचा तोंडाशी नेला.

"थांब!" विनयाने तिचा हात धरला. "अगं, कच्ची कोथिंबीर घातली मी. सगळ्यांना नियम शिकवणारी मी!"

तिचे डोळे भरून आले. चेतनाने चमचा खाली ठेवला.

"म्हणजे तुझ्याही हातून चुकतं?"

"चुकतं की! मग टाकायचं आणि परत लावायचं. दुसरं काय?"

चेतनाला हसू फुटले. भिंतीला धरून ती शेगडीपाशी आली आणि तिने फर्मावले, "अच्छा, मग लाव परत. पण या वेळी कोथिंबीर आत घाल, शिट्टीच्या आधी."

त्या दिवशी मारली तशी शिट्टी मी जन्मात कधी मारली नव्हती. चेतना पोटभर जेवली. बोटे चाटत म्हणाली, "सोमवारी गाडी तू काढतेस, की मी कॅब बोलवू?"

पुढचे महिने सोपे गेले नाहीत, पण औषधाचा एकही सोमवार तिने चुकवला नाही. परवा डॉक्टरांनी तिला कच्चे खायची मुभा दिली. कोथिंबिरीची जुडी घेऊन ती तडक आमच्याकडे आली आणि माझ्यातल्या गरम भातावर तिने मूठभर हिरवीगार कोथिंबीर पेरली. विनया रडली, मीही थोडी वाफ सोडली.

मित्रांनो, माझी रिंग वेळेवर बदला, शिट्टी स्वच्छ ठेवा. ओळखीचे कोणी आजारी असेल, तर उपदेश घरी ठेवून मला बरोबर न्या. आणि चुकलेच काही, तर मी पुन्हा चुलीवर चढायला तयार आहे.