डाव्या खांद्यामागे

स्कॅनच्या मशीनच्या अरुंद पलंगावर आडवं होण्याआधी सासूबाईंनी डावा हात मागे नेला आणि कुणाला तरी ‘थांब जरा’ अशी खूण केली.

“आजी, मागे कोणी नाहीये,” तंत्रज्ञ म्हणाला.

“माहीत आहे रे बाबा. तू तुझं काम कर.”

काचेपलीकडून पाहणाऱ्या सुनेने मान खाली घातली. ही खूण तिच्या ओळखीची झाली होती. सासूबाई जिना चढताना मध्येच भिंतीला टेकून उभ्या राहायच्या, मागच्याला वाट द्यावी तशा. जेवताना खुर्ची थोडी उजवीकडे सरकवायच्या. विचारलं तर म्हणायच्या, “कोणीतरी असतं गं. वळून पाहिलं की नसतं. मी बसले की तेही बसतं.” आवाजात भीती नसायची. पाहुणा जरा जास्तच मुक्काम ठोकून बसल्याची तक्रार करावी, तसा सूर.

सासूबाईंचं छातीच्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊन बराच काळ लोटला होता. तरी बाहेरगावी नोकरीला असलेला मुलगा धास्तावून घरी आला आणि त्याने डोक्याचा स्कॅन करवून घेतला. काही निघालं नाही. वय झालंय, एकटेपणा असतो, असं सांगून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मुलगा हायसं वाटून परत गेला. सुनेचं मन मात्र मानेना. चारचौघांना विचारून, फोन करकरून तिने या इस्पितळाचा पत्ता काढला. मेंदूपर्यंत पोचलेला कर्करोग लवकर दिसावा म्हणून इथे स्कॅनची नवी पद्धत पडताळून पाहत होते.

त्या कामावरच्या डॉक्टरीणबाई वयाने सुनेएवढ्याच होत्या. स्कॅन झाल्यावर त्यांनी दोघींना पडद्यासमोर बसवलं.

“आधीच्या चित्रात रक्तवाहिन्याही पांढऱ्या येतात आणि गाठीही. चांदण्यांत काजवा शोधायचा तसं होतं. आता आम्ही औषध टोचून थोडं थांबतो आणि रक्तवाहिन्या विझवून टाकतो. मग उरतं ते...”

त्यांनी माउसचं चाक फिरवलं. डोक्याचे पातळ पातळ काप एकामागून एक सरकू लागले. सगळं काळंभोर. सुनेला वाटलं, दिवे मालवलेल्या घरातून आपण खोलीमागून खोली चालत जातोय. मग एका खोलीत कुणीतरी बसलेलं दिसलं. मोहरीएवढं, पांढरं, अगदी स्थिर.

“हा कर्करोगाचा पहिला ठिपका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आपलं शरीर नेमकं कुठे आहे, याचा हिशेब मेंदूचा हा भाग ठेवतो. तो चुकला की आपलंच शरीर दुसऱ्या कुणाचं म्हणून शेजारी उभं आहे, असं वाटतं.”

सासूबाई पडद्याकडे बघत राहिल्या.

“म्हणजे ती मीच?”

“एका अर्थी, हो.”

“बरं झालं बाई,” सासूबाई म्हणाल्या. “मला वाटलं, कोणी न्यायला आलंय.”

त्या चक्क हसल्या.

चाक पुन्हा फिरलं आणि कपाळामागे थांबलं. “हा दुसरा. इथे काही झालं तर कधीकधी स्वभाव बदलतो.” डॉक्टरीणबाई सुनेकडे वळल्या. “घरात तुम्ही असता. यांच्या वागण्यात काही फरक?”

लग्न होऊन आल्यापासून सुनेला या बाईंकडून सरळ शब्द मिळाला नव्हता. तिने केलेली भाजी मिठाने वाया गेलेली, तिने वाळत घातलेले कपडे चुरगळलेले, तिची नोकरी म्हणजे नुसती मिरवायची हौस. उठता-बसता टोमणे. आणि अलीकडे, जिन्यात वाट देणं सुरू झालं त्याच सुमारास, त्या दाराशी वाट पाहत थांबू लागल्या. ‘दमलीस ना गं,’ म्हणू लागल्या. एका संध्याकाळी सून पाय पसरून बसली असताना मागून येऊन त्यांनी तिच्या केसांतून हात फिरवला. आई गेल्यापासून तिच्या डोक्यावर कुणाचा हात पडला नव्हता.

“नाही,” सून म्हणाली. “फरक काही नाही.”

बाहेर लांबच लांब बोळ होता. त्याच्या टोकाला लिफ्टची वाट पाहत दोघी उभ्या राहिल्या.

“खोटं का बोललीस?”

सुनेने लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं.

“मला काय कळत नाही होय? माझ्या तोंडाचा पट्टा बंद झालाय.” सासूबाईंनी मान किंचित डावीकडे कलती केली, पण वळून पाहिलं नाही. “मागे कोणी उभं असलं ना, की माणूस नीट वागतं गं. सगळं दिसतंय त्याला, असं वाटायचं. तुला काही टाकून बोलायला गेले की माझी मलाच लाज वाटायची.”

“म्हणजे तसं तुम्हीच ठरवून वागत होता, आई?”

“की तो कपाळातला मेला करून घेत होता? मला तरी काय ठाऊक?”

लिफ्ट आली. आत शिरताना सासूबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला. सुनेने उलटून धरला, पण कुणाचा धरलाय ते तिला कळेना.

उपचार झाले. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवून दोन्ही ठिपक्यांवर किरण सोडले. पुढच्या तपासणीला पडदा शेवटच्या कापापर्यंत काळा राहिला. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उजळला.

“जुन्या स्कॅनवर विसंबलो असतो तर फार उशीर झाला असता,” त्या म्हणाल्या. “आता मागे कोणी?”

“कोणी नाही,” सासूबाई म्हणाल्या आणि पदर सारखा करत बसल्या.

सुनेने डोळे पुसले. आनंद खराच होता, त्यात खोट नव्हती. पण वाटेत सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. घरी आल्यावरही दोन दिवस त्या पडूनच होत्या. बरं-वाईट काहीच बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी सून कामावरून दुपारीच परतली. दार नुसतं लोटलेलं होतं. चपला बाहेर काढून ती अनवाणी आत आली. सासूबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, चहा उकळत होता. सून उंबऱ्यातच थांबली. कुणी पाहत नसताना ही बाई कशी असते, ते तिला बघायचं होतं.

सासूबाईंचा हात थबकला.

“कोण आहे?”

त्या वळल्या नाहीत. आवाज ना गोड होता, ना कडू.

‘मी’ एवढंच म्हणायचं होतं. सुनेच्या ओठांपर्यंत ते आलं आणि तिथेच राहिलं. ती तशीच उभी राहिली.

उकळी वर आली तशी सासूबाईंनी गॅस बारीक केला. मग, मागे न पाहताच, त्यांनी फळीवरून दुसरा कप काढला आणि आवाज होऊ नये इतक्या हळुवारपणे ओट्यावर ठेवला.