गाठ न सुटलेल्या पुड्या

बाणवालीला अक्षरओळख होती ती सहीपुरती, पण बाणाची लाकडी दांडी तिला वाचता यायची. भिंतीत दोन खिळे, त्यांवर आडवी दांडी, मधोमध टांगलेलं वजन. दांडी किती झुकते ते मागच्या रेघांवर बघायचं आणि मग कुणाच्या धनुष्याला कोणती द्यायची ते ठरवायचं. साध्या लाकडी धनुष्यात बाणाला सरळ वाट नसतेच. सुटताना तो धनुष्याला वळसा घालून, मासोळीसारखा लचकत जातो. दांडी जास्त ताठ असली तर डावीकडे पळते, फार लवचीक असली तर उजवीकडे. टोक जड केलं की ताठ दांडीही लवते. "सुनेसारखंच," ती म्हणायची, "डोक्यावर वजन ठेवा, मान वाकते." ती स्वतः सून असताना कुणापुढे वाकली नव्हती, ते सोडा.

यंदा तिच्या धाकट्या लेकीची मोठ्या स्पर्धेसाठी निवड झाली. लेकीचं धनुष्य आणि लेकीच्या हाताची ओढ, दोन्ही आईला तोंडपाठ. तिने बारा बाण केले, सोनाराच्या तराजूत टोकं तोलून बसवली. आठवड्याने लेक म्हणाली, बाण जरा डावीकडे जातात.

आजवर बाणवालीच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. तरी तिने मुकाट्याने जड टोकं केली आणि पुडीत बांधून दिली. तिरंदाजीच्या क्लबातच बसवून घेईन, असं लेकीने सांगितलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा डावीकडे. आणखी जड टोकं, दुसरी पुडी. मग तिसरी, आणि तरीही डावीकडेच. एवढ्या वजनाने तर बाण उजवीकडच्या कुंपणात शिरायला हवा होता. बाण तरी आणून दाखव म्हटलं, की 'क्लबात राहिले' हे ठरलेलं उत्तर.

शेवटी बाणवालीने दोष घेतला तो स्वतःकडे. रेघा नीट दिसत नसतील आपल्याला. बोटांना वजन कळत नसेल. शाळेच्या मास्तरांचं वीस बाणांचं काम तिने परत पाठवलं, भिंतीतले खिळे उपटले, वजन फडक्यात गुंडाळून ठेवलं. जेवताना लेकीला सांगितलं, हात गेला माझा. लेकीने ते ऐकलं आणि ताटात आणखी वाढून घेतलं.

स्पर्धेच्या आदल्या सकाळी लेक आंघोळीला गेली होती. खुंटीवरच्या तिच्या पिशवीचा पट्टा उसवलेला दिसला, म्हणून आईने ती शिवायला घेतली. आत बाराच्या बारा बाण होते. दांडीवरचं रोगण नव्या भांड्यासारखं चकाकत होतं. बाण एकदा जरी सोडला, तरी धनुष्याला घासून त्याच्या अंगावर रेघ उठते. इथे एकावरही रेघ नव्हती. आणि तळाशी तीन पुड्या. गाठी तिच्याच हातच्या, दुहेरी. एकही सुटलेली नव्हती.

लेक केस पुसत आली ती दारातच थबकली. मग एकेक बाहेर निघालं. क्लबातल्या प्रशिक्षकांनी पहिल्याच दिवशी तिला कारखान्यातले बाण दिले होते, धातूच्या पोकळ नळीचे, सगळे एकसारखे. घरच्या बाणांना हसलेही होते म्हणे. त्या दिवसापासून आईचे बाण पिशवीबाहेर आलेच नव्हते.

"मग डावीकडे कोण जात होतं?"

"ते नळीचे." लेकीची मान खाली. "तू विचारायचीस, तर त्यांचं सांगायचे मी. खरं सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं."

"वाईट वाटलं असतं तर दोन दिवस भांडी आपटली असती, आणि तिसऱ्या दिवशी त्या प्रशिक्षकाला चार शब्द ऐकवून आले असते. झालं असतं मोकळं. तू केसाने गळा कापलास. दुसऱ्याच्या बाणाचा दोष माझ्या बोटांवर घातलास. मी हात गेला म्हटलं, तेव्हा समोर बसून जेवत होतीस."

आईने तिच्या हातात धनुष्य दिलं आणि तिला परसात गवताच्या गठ्ठ्यासमोर, तीस पावलांवर उभं केलं. पहिला बाण चुन्याच्या ठिपक्यात घुसला. दुसरा त्याला खेटून. तिसऱ्यानंतर लेकीने धनुष्य खाली केलं.

"आई, उद्या हेच नेऊ?"

बाणवालीने तिन्ही बाण उपटले आणि एकेकाचं टोक पुसलं. आता दांडीवर बारीक, मळकट रेघ उमटली होती. अगदी जिथे उमटायची तिथेच.

"ने. तुझ्या मापाचे आहेत, दुसऱ्या कुणाच्या कामाचे नाहीत. पण यापुढे डावीकडे की उजवीकडे ते मला तोंडाने सांगू नकोस. बाण आणून टाकायचे समोर. मी रेघ बघेन."

लेक तिथेच घुटमळत राहिली. बाणवाली आत गेली. फडक्यातून वजन काढलं, खिळे जुन्या भोकांत घातले, तर ते हलायला लागले. उपटताना भोकं मोठी झाली होती. तिने लाकडाची एक कपची तासली, भोकात दाबली आणि हातोडी उचलली. मास्तरांकडे वीस बाण करून देते असा निरोप धाडायचा होता. तो मात्र लेकीच्या हाती धाडायचा नाही, हे तिने तिथल्या तिथे ठरवलं.