परवानाधारकाच्या तोंडून

तपासनीस बाईंनी बादली वाळूवर उपडी केली आणि गुडघे टेकून शिंपले मोजायला घेतले. एकेक उचलायचा, लोखंडी कडीतून घालून पाहायचा. आरपार गेला की तो लहान, त्याची रवानगी परत वाळूत. अडकला की बादलीत. सकाळपासूनची ही अकरावी बादली होती, आणि उजवा गुडघा तिसऱ्या बादलीपासूनच कुरकुरत होता.

"मोजा, मोजा," काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "एक जरी जास्त निघाला तरी नाव बदलेन."

ऐंशी निघाले. एका परवान्यावर चाळीसच खणता येत: चाळीस काकूंच्या, चाळीस काकांच्या. काकूंचा आकडा कधी चुकत नसे. चुकायचे ते बाकीचे. त्यांच्या बाह्यांत, बुटांत, पोरांच्या टोप्यांत शिंपले सापडत, आणि चेहरे असे की जणू शिंपले आपल्या पायांनी चालत आले.

काका वर, धक्क्यावरच्या बाकावर बसले होते. कोट, टोपी, काकूंनी नाड्या बांधून दिलेले बूट. ज्याला स्वतः खणता येत नाही त्याच्यासाठी दुसऱ्याने खणलेलं चालतं, मात्र परवानाधारक नजरेच्या टप्प्यात हवा, असा नियम. म्हणून दर मोठ्या ओहोटीला काकू त्यांना हाताला धरून आणत, बाकावर बसवत आणि एकट्याच खाली उतरून दोघांचं खणत.

खणणं सोपं नव्हे. ओल्या वाळूत हातभर खाली जावं लागतं, आणि काकूंची सत्तरी उलटली होती.

"काकू," तपासनीस बाई उठत म्हणाल्या, "तो कागद आज भरायलाच हवा."

काकूंनी ऐकलं न ऐकल्यासारखं करून फावडं धुवायला घेतलं.

कागद साधा होता. दरवर्षी एकदा परवानाधारकाला समोरासमोर विचारायचं : तुमच्यासाठी खणणारी ही व्यक्ती कोण, आणि तिने खणावं अशी तुमची इच्छा आहे का? उत्तर त्याच्याच तोंडून हवं. हे कलम घालायला लावलं होतं खुद्द काकांनी, परवाने देणाऱ्या समितीवर असताना. तेव्हा गावातले कितीतरी मेलेले आजोबा कागदोपत्री महिन्याला शे-दीडशे शिंपले फस्त करत होते, आणि काकांना लबाडीचा भारी राग. भर सभेत टेबलावर मूठ आपटून त्यांनी ते कलम मंजूर करून घेतलं होतं.

तीन ओहोट्या तपासनीस बाईंनी तो कागद नुसताच खिशात फिरवला होता. आज मुदत संपत होती.

"तुम्हीच 'हो' लिहा ना," काकू हळूच म्हणाल्या. "कोण बघतंय?"

"खाली सही माझी असते, काकू."

"अहो, एवढ्या एकाच गोष्टीसाठी ते अंथरुणातून उठतात. खिशात परवाना आहे ना, ते चाचपून बघतात आणि मग बूट घालू देतात. एरवी दिवसभर भिंतीकडे तोंड. परवाना गेला तर..." त्यांनी फावडं वाळूत रोवलं. "मला ते ओळखत नाहीत. गेल्या वर्षापासून. तुम्ही विचारणार आणि ते नाही म्हणणार, झालं."

तपासनीस बाईंना त्या क्षणी आपल्या नोकरीचा मनापासून वीट आला. पण वीस वर्षं त्या लोकांच्या टोप्या उलट्या करून बघत आल्या होत्या. एकीला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, हे त्यांना जमणारं नव्हतं. त्या पायऱ्या चढू लागल्या. मागून काकूही आल्या, कठड्याला धरत, दर दोन पायऱ्यांवर थांबत.

"काका, एक विचारायचंय."

काकांनी टोपी काढली. बायकांशी बोलताना ते नेहमीच काढत. "विचारा की."

"या तुमच्यासाठी शिंपले खणतात. या कोण?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. नीट पाहिलं, अगदी पुढे वाकून. काकूंनी ओले हात पदराला पुसले आणि केस मागे सारले. लग्न ठरवायला आलेल्यांपुढेही त्या कधी इतक्या ताठ उभ्या राहिल्या नसतील.

"नाही बुवा," काका म्हणाले. "आमची ओळख नाही."

तपासनीस बाईंनी दुसरा प्रश्न वाचला, कारण तो वाचायचा असतो.

"यांनी तुमच्यासाठी खणावं अशी तुमची इच्छा आहे का?"

"छे, छे! मघापासून बघतोय मी. एकटीच उपसतेय बिचारी, किती वेळा कंबर धरून उभी राहिली. माझ्यासाठी कशाला?" त्यांचा आवाज चढला, सभेत चढायचा तसा. "हिच्या घरी कोणी नाही का हिला बघणारं? दमलीय हो ती. फार दमलीय."

काकूंनी तोंडावर हात धरला.

काकांनी कोटाच्या आतल्या खिशातून परवाना काढला आणि तपासनीस बाईंच्या हातात दिला. "हा घ्या. माझ्यापायी कोणाला त्रास नको."

बाईंनी काकूंकडे पाहिलं. कागद अजून कोराच होता. वाटलं तर अजूनही काही लिहिता आलं असतं.

"लिहा," काकू म्हणाल्या. "म्हणाले तेच लिहा. घरात मुलं आहेत, सुना आहेत, डॉक्टर येतो. मी दमलेय हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं."

बाईंनी लिहिलं. पेन दोनदा अडकलं.

काका बाकावर एका कडेला सरकले आणि रिकाम्या जागेवरून टोपीने वाळू झटकली.

"बसा ना तुम्ही," ते काकूंना म्हणाले. "घाई नसेल तर."

"घाई नाही," काकू म्हणाल्या, आणि अनोळखी पुरुषाशेजारी बसताना ठेवतात तेवढं अंतर सोडून बसल्या.