पहिले सहा सेकंद

दवाखान्यातल्या सिस्टरने गाडीची किल्ली फिरवली आणि धाकटीने मनात मोजायला सुरुवात केली. पत्र्याच्या डब्यात मूठभर खिळे घालून कोणी खुळखुळवावेत तसा आवाज बॉनेटखालून आला. तीन, चार, पाच. सहाव्या सेकंदाला तो थांबला आणि इंजिन असे संथ चालू लागले, की जणू त्या गावचेच नव्हते.

“बघितलंस?” खिडकीतून डोके बाहेर काढत सिस्टर म्हणाली. “डॉक्टरसमोर आलं की पोटदुखी थांबते, त्यातली गत आहे हिची.”

आवाज फक्त इंजिन गार असतानाच येई, म्हणून गाडी आदल्या संध्याकाळपासून गॅरेजमध्ये ठेवून घेतली होती. बावीस वर्षांची गाडी. सिस्टर ती घेऊन टेकडीपलीकडच्या वस्त्यांवर जायची. जाताना मागच्या सीटवर लसींची पेटी, आणि कधीकधी येताना त्याच सीटवर कळा सुरू झालेली एखादी बाई. वर्षभर आवाज वाढतच चालला होता. दोघातिघा मेकॅनिकांनी बघून ती भंगारात काढायचा सल्ला दिला होता.

“इंजिनातली चेन सैल पडलीय,” दाराशी स्टुलावर बसलेल्या मिस्त्रींनी निकाल दिला. “बदलायला हवी.”

“तीन वर्षांपूर्वी तुम्हीच बदललीत ना?”

“तुमच्यासारखी पळवली तर तीन वर्षं पुष्कळ झाली, सिस्टर.”

मिस्त्रींच्या डोळ्याच्या ऑपरेशनला आठ दिवस झाले होते. वाकायचे नाही, वजन उचलायचे नाही, धुळीत जायचे नाही. ज्याचा जन्म गॅरेजमध्ये गेला त्याला धुळीत जाऊ नका म्हणणे म्हणजे माशाला पोहू नको म्हणण्यासारखे. तेव्हा तडजोड म्हणून ते कानापर्यंत पोचणारा काळा चष्मा लावून उंबऱ्यावर बसत. ना आत, ना बाहेर.

“डोळ्याला हात लावलात तर बघा,” असा दम देऊन सिस्टर दवाखान्याकडे चालत निघून गेली.

धाकटीने पान्यांचा ट्रे ओढून घेतला. मिस्त्रींची थोरली मुलगी लग्न होऊन दूरच्या गावी गेली होती, घरात एकच मुलगी उरली होती, तरी तिचे नाव धाकटीच राहिले होते. वयाची तिशी उलटली, गॅरेजमध्ये नऊ वर्षे झाली, पण गिऱ्हाईक आत आले की हातात पाना धरलेल्या तिलाच विचारायचे, ‘मिस्त्री कुठे आहेत?’ तीही मानेने मागे खूण करायची. मिस्त्रींचा एक नियम होता. इंजिन उघडायला कोणीही उघडावे, बंद मात्र तेच करणार. उघडायला ताकद लागते, बंद करायला अक्कल लागते, असे ते म्हणत. त्यांनी बंद केलेल्या इंजिनातून कधी थेंब गळला नव्हता, आणि गॅरेजपुढची कोरडी फरशी ते आल्यागेल्याला घरच्या कौतुकासारखी दाखवत.

“बाबा, चेन सैल असती तर गरम इंजिनातही वाजली असती,” धाकटी म्हणाली. “ही फक्त सहा सेकंद वाजते.”

“मग?”

“मग चेनला दाबून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. तेल पोचलं की आवाज थांबतो. पण ते पोचायला सहा सेकंद का लागावेत?”

“वय झालं की सगळंच उशिरा चढतं. माझे गुडघे सकाळी किती वेळ घेतात, विचार तुझ्या आईला.”

ती हसली, पण उत्तर तिला पटले नव्हते. तिने रेडिएटर उतरवला, पट्टा काढला, पुढची पुली सोडवली. मिस्त्री स्टुलावरून सूचना देत होते आणि त्यांची सूचना तोंडातून पडायच्या आत तिचा हात तिथे पोचलेला असे. हळूहळू सूचना कमी झाल्या. कव्हरचा शेवटचा बोल्ट निघाला तेव्हा मिस्त्री रस्त्यावरची रहदारी पाहत होते, किंवा तसे दाखवत होते.

चेन समोर आली. तिने चेनच्या दातेरी चाकांवरच्या खुणा जुळवून घेतल्या, चेन बोटाने दाबून पाहिली, मग पट्टी लावून मोजली. चेन मापात होती. ज्या प्लास्टिकच्या रुळावरून ती सरकते त्याच्यावर ओरखडे होते. मार खाल्लेला रूळ होता, मार देणारा दुसराच कोणी होता. तिने दोन बोल्ट सोडवून टेन्शनर हातात घेतला आणि उलटा केला.

मागच्या सपाट बाजूवर, जिथून तेल आत शिरते त्या बारीक भोकावर, राखाडी पेस्टची एक जीभ आली होती. जोड घट्ट बसावा म्हणून लावतात ती पेस्ट. दोन भाग आवळताना जास्तीची पेस्ट आत सरकली होती आणि वाळून टणक झाली होती. भोक पुरते बंद झाले नव्हते. पण त्या जिभेवर दरसाल थोडा थोडा गाळ साचत गेला होता, आणि आता सुई जाईल एवढीच वाट उरली होती.

धाकटीला कोणाला विचारायची गरज नव्हती. एवढी जाड पेस्ट लावणारा हात एकच होता. लहानपणापासून तिने तो पाहिला होता. ‘कंजुषी करू नये,’ असे म्हणत तो हात नळी पिळायचा, आणि मग अंगठ्याने ती रेघ सारखी करायचा.

तिची पाठ दाराकडे होती. अंगठ्याचे नख त्या जिभेखाली गेले. जरा जोर दिला असता तर ती सुटून फडक्यात पडली असती, आणि फडके कोपऱ्यातल्या डब्यात.

“काय सापडलं?” मागून आवाज आला.

“बघतेय.”

“चेनच ना?”

“चेन चांगली आहे, बाबा.”

धाकटीने नख मागे घेतले. टेन्शनर होता तसाच घेऊन ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिने तो त्यांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी चष्मा काढला नाही. आधी अंगठाच फिरला. कडेवरून, बोल्टच्या भोकांवरून, आणि मग मध्ये येऊन थांबला. तिथेच दोनदा मागेपुढे झाला. मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, वस्तू उजेडात धरली आणि दुखरा डोळा मिटून चांगल्या डोळ्याने बराच वेळ पाहिली.

“पेस्ट माझी आहे,” ते म्हणाले.

त्यांनी त्या जिभेवर नख टेकवले.

“हे तू खरवडून टाकू शकली असतीस. मला कळलंही नसतं.”

“हो.”

“मग?”

“मग पुढच्या गाडीतही तुम्ही तेवढीच भरली असती.”

मिस्त्री उठले. आत जाऊन त्यांनी नळाखाली हात धुतले. हात स्वच्छच होते, तरी साबण लावून धुतले. परत आल्यावर त्यांनी स्टूल उचलले. डॉक्टरांनी वजन उचलू नका सांगितले होते, त्यात स्टूल येते की नाही हे धाकटीला ठरवता येईना. ते त्यांनी रस्त्याकडे तोंड करून ठेवले आणि तिच्याकडे पाठ करून बसले.

“रूळ नवा टाक,” ते म्हणाले. “आणि बंद कर.”

“मी?”

“दुसरं कोण आहे इथं?”

तिने भोक तारेने मोकळे केले, हवेने फुंकून काढले, जुनी पेस्ट इंचाइंचाने खरवडली. नवी लावताना तिचा हात क्षणभर अडला. मग तिने दोऱ्याएवढी रेघ ओढली, भोकापासून दूर वळवून नेली, आणि नवा रूळ टाकून टेन्शनर बसवला. खुणा जुळल्या का हे तीनदा पाहिले. इंजिनाचा मुख्य दांडा हाताने दोन फेरे फिरवून चौथ्यांदा पाहिले. कव्हरचे बोल्ट तिने आडव्या क्रमाने, थोडे थोडे आवळत नेले. या सगळ्या वेळात मिस्त्रींनी एकदाही मागे वळून पाहिले नाही. फक्त शेवटच्या बोल्टला पान्याने ‘टक्’ केले तेव्हा त्यांची मान किंचित हलली. गाडी पुन्हा रात्रभर तिथेच राहिली.

सकाळी सिस्टर आली. गाडीत बसून तिने किल्ली फिरवली, कान टवकारले, आणि चेहरा वाकडा केला. मग तिने किल्ली पुन्हा फिरवली. स्टार्टर कर्रकन किंचाळला.

“अहो, चालू आहे!” धाकटी ओरडली. “चालूच आहे ती!”

सिस्टरने हात आखडून घेतला. तिने स्टिअरिंगवर तळवा ठेवला, तेव्हा कुठे तिला इंजिनाची थरथर जाणवली. ती खाली उतरली, बॉनेटजवळ कान नेला, आणि मग सरळ मिस्त्रींकडे वळून म्हणाली, “मिस्त्री, तुमच्या हाताला तोड नाही हो.”

धाकटी फडक्याने पाने पुसू लागली.

“हा हात माझा नाही,” मिस्त्री म्हणाले. ते स्टुलावरून उठून उभे राहिले होते. “माझ्या हातानं तुमची गाडी बिघडली होती, सिस्टर. तीन वर्षांपूर्वी मी पेस्ट जास्त भरली, ती तेलाच्या वाटेत आली. चेन जागची सरकली असती तर तुम्ही रस्त्यातच अडकला असता. कळा सुरू झालेल्या एखाद्या बाईला घेऊन.”

सिस्टरने एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा धाकटीकडे.

“मग सापडलं कुणाला?”

मिस्त्रींनी हनुवटीने खूण केली. सिस्टर धाकटीपुढे जाऊन उभी राहिली. पुढच्या महिन्यात ब्रेक बघायचे आहेत, ती म्हणाली, कधी आणू? नऊ वर्षांत कोणी धाकटीला असे विचारले नव्हते.

सिस्टर गेल्यावर मिस्त्रींनी खिशातून फोन काढून तिच्या हातात दिला. “मला आकडे दिसत नाहीत. तू लाव. असल्या इंजिनाचं काम मी सात गाड्यांना केलंय, एक ही झाली. बेकरीवाल्याची निळी. बँकेतल्या मॅडमची. फोटोग्राफरची, तिचं मागचं दार लागत नाही ती.” सहाच्या सहा त्यांनी घडाघडा सांगितल्या, माणसे कमी, गाड्याच जास्त.

पहिला फोन बेकरीवाल्याला लागला. “सहजच केला,” मिस्त्री म्हणाले. “गाडी बरी आहे ना? एकदा आणून ठेवा. नाही, काही नाही, सहज.” फोन परत देताना त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही. धाकटीने पुढचा नंबर लावला.

“मॅडम, तुमच्या गाडीत माझ्याकडून एक चूक राहिलीय,” या वेळी ते म्हणाले. “घेऊन या. हो, चूक माझीच.” तिसऱ्याला त्यांनी चूक कोणती ते समजावून सांगितले. चौथ्याला ती कोणाला सापडली तेही सांगितले. पाचव्यापर्यंत त्यांचा आवाज चांगलाच चढला होता आणि शेजारचा टायरवाला काम सोडून ऐकत उभा होता. “अहो, दोघातिघांनी बघितली, कुणाला पत्ता लागला नाही! माझी चूक म्हणजे काय साधी चूक असते? पोरीनं पकडली. एका दिवसात!” सहाव्या फोनानंतर बेकरीवाल्याला पुन्हा फोन लावून त्यांनी सगळे पहिल्यापासून सांगितले.

धाकटीने फोन खाली ठेवला.

“थांब,” मिस्त्री म्हणाले. “आता चौकातल्या गॅरेजवाल्याला लाव.”

चौकातला गॅरेजवाला आणि बाबा अकरा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. रस्त्यात समोर आला तर दोघांपैकी एक जण फुटपाथ बदलायचा.

“बाबा, त्याची गाडी आपल्याकडे कधी आली होती?”

“कधीच नाही.”

“मग त्याला कशाला?”

मिस्त्रींनी काळा चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा नीट लावला.

“त्याला कळायला नको?” ते म्हणाले. “लाव तू.”