घड्याळजीचं निदान

आमच्या ह्यांची पाठ वाकडी आहे हे मला लग्न ठरलं तेव्हापासून ठाऊक आहे. फोटोत एक खांदा वर, एक खाली. मला वाटलं, फोटोवाल्यानं कॅमेरा तिरका धरला असेल. नंतर कळलं की कॅमेरा बिचारा सरळच होता.

लहानपणी तो बाक जेमतेम होता. पन्नाशीनंतर वाढला आणि दुखायलाही लागला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून नाव सांगितलं, स्कोलिओसिस. म्हणाले, "बाक आता जाणार नाही. पण स्नायू बळकट ठेवलेत तर पाठ निभावून नेईल. आणि सिगारेट बंद करा. एका बाजूच्या फुप्फुसाला आधीच जागा कमी आहे, शिवाय धुरानं हाडं पोखरतात."

ह्यांनी सिगारेट सोडली. सोडताना घर डोक्यावर घेतलं, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली, शेजाऱ्याच्या कुत्र्याशी भांडले, पण सोडली. त्यानंतर वर्षभर दुकानात काम केलं आणि निवृत्त झाले. हे घड्याळं दुरुस्त करायचे. उभा जन्म डोळ्याला भिंग लावून गेला.

लेकीनं निवृत्तीची भेट म्हणून आरामखुर्ची आणली. रुंद, मऊ, पाय ठेवायला वेगळी सोय. हे त्या खुर्चीत बसले ते बसलेच. मांडीवर पाट, पाटावर शेजारपाजारची बंद पडलेली घड्याळं. सकाळचा चहा तिथे, दुपारची डुलकी तिथे. लेक खूश, हे खूश, आणि पाठ मात्र दिवसेंदिवस जास्तच बोंब मारायला लागली. व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओनं सांगितलं होतं, तासातासाला उठा, दाराच्या चौकटीला हात लावून अंग ताणा. ह्यांचं उत्तर, "मी काय माकड आहे, दाराला लोंबकळायला?"

आणि एक दिवस जेवताना ह्यांनी जाहीर केलं, "मला कारण सापडलंय."

"कशाचं?"

"पाठीचं. चांगलं चालणारं घड्याळ मागे पडायला लागलं, तर आधी बघायचं की आत काय बदललं. माझ्यात काय बदललं? सिगारेट गेली. ओढत होतो तेव्हा पाठ नुसती कुरकुरायची. मग दोष कुठे आहे?"

मी हातातला घास खाली ठेवला. "अहो, शेवटचं वर्षभर तुम्ही कुठे ओढत होता? तेव्हा तरी कुठे एवढी दुखत होती?"

"तेव्हा शरीरात साठा होता," हे गंभीरपणे म्हणाले. "आता संपला. दिवसाला दोन ओढल्या तर काही बिघडत नाही."

मला हसू आलं आणि धास्तीही वाटली. कारण हा माणूस एकदा निदान करून मोकळा झाला की ब्रह्मदेव आला तरी ऐकत नाही. जिना चढताना ह्यांना लागणारी धाप मी वर्षानुवर्षं ऐकली होती. ती आत्ता कुठे कमी झाली होती. ती परत ऐकायची माझी तयारी नव्हती.

दुपारी मी तडक दुकान गाठलं. तिथे ह्यांच्या शेजारच्या टेबलावर बारीकराव बसतात. नाव गमतीनं पडलेलं आहे, खुर्चीत मावत नाहीत. मी म्हटलं, "भावजी, खरं सांगा. शेवटच्या वर्षी हे तुमच्याकडून चोरून ओढत होते का?"

"छे हो वहिनी! एकदाही नाही." बारीकरावांना राग आला. "मीच ओढायचो. तो नुसता सोबत यायचा. चला, दाखवतो."

दुकानात धुराला बंदी. धूर आणि राख घड्याळांचं वाटोळं करतात. त्यामुळे ओढायचं तर मागचा जिना उतरायचा, गोदामातून जायचं आणि मागच्या दाराबाहेर उभं राहायचं. तिथे भिंतीतून डोक्याच्या वर एक लोखंडी दांडा बाहेर आला होता.

"त्याची ही जागा," बारीकराव म्हणाले. "पूर्वी सिगारेट तोंडात आणि दोन्ही हात दांड्यावर. सोडल्यावर तोंड रिकामं, पण हात तिथेच. अंग सैल सोडून द्यायचा, मग परत जिना चढायचा. तासाला एक फेरी ठरलेली."

मी त्या दांड्याकडे बघतच राहिले. फिजिओनं सांगितलेलं सगळं हा माणूस इतकी वर्षं फुकटात करत होता आणि श्रेय धुराला देत होता!

घरी आले तर हे आरामखुर्चीत. पाटावर घड्याळ नव्हतं, सिगारेटचं कोरं पाकीट होतं. वरचा कागद अजून फाडलेला नव्हता.

मी चपलाही न काढता सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "तुमच्या घड्याळात एक नाही, दोन गोष्टी बदलल्या. सिगारेट गेली तेव्हा पाठ बरी होती. जिना गेला, दांडा गेला, तेव्हा बिघडली. एवढे मोठे कारागीर, आणि चुकीचा भाग बदलायला निघालात!"

ह्यांनी पाकिटावर हात ठेवला. मग म्हणाले, "मग त्या फिजिओनं सांगितलेलं तेच होतं की."

"तेच होतं."

"मला कळत नव्हतं असं नाही गं." पाकिटावरची ह्यांची बोटं हलली नाहीत. "पण चौकटीपाशी उठून जायचं कशाला? दुकानात बारीकराव टेबलावर टकटक करायचा, 'ऊठ रे' म्हणायचा. इथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत मला कुणी ऊठ म्हणत नाही. वाटलं, हे पाकीट असलं की ओढायला बाहेर जावं लागेल, निदान ते तरी मला उठवेल."

इतकी वर्षं मी ह्यांच्या धुराशी भांडले आणि ह्यांचं एकटेपण माझ्या नाकासमोर त्या मऊ खुर्चीत बसून होतं. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

"मला तुम्ही हवे आहात," मी म्हटलं. "वाकडे तर वाकडे. पण श्वास घेणारे."

मग मी त्यांच्या मांडीवरचा पाट पाकिटासकट उचलून बाजूला ठेवला, खुर्चीच्या हातावर बोटांनी टकटक केली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच ह्यांना एकेरीत म्हटलं, "ऊठ रे."